काड्या पूर्ण, नेट ठप्प
दादा, फोन बंद करून चालू केला की नेट सुरळीत होतं असं तुम्ही म्हणता. आमच्या यावल तालुक्यात ते कितीदा करून झालं. रेंजच्या काड्या पूर्ण असतात, पण संध्याकाळचे ७ वाजले की साधा फोटो जात नाही. टॉवर तोच आणि गाव सगळं एकदम नेटवर. काड्या सिग्नल दाखवतात, वेग नाही.

परवा केळीच्या घडांचे फोटो व्यापाऱ्याला पाठवायचे होते. गोल चक्र नुसतं फिरत राहिलं. शेवटी गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ हात वर करून उभा राहिलो, तेव्हा कुठे दोन गेले. कस्टमर केअरच्या ताई म्हणाल्या, २४ तासांत होईल. दुसऱ्या दिवशी थेट तक्रार निकाली निघाल्याचा मेसेज! विचारायला एक फोन नाही. फार संताप येतो हो, पैसे आपण आधी मोजतो.

१९८ वर तक्रार केली की डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, घ्याच. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, फी लागत नाही. ट्राय, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणारी नियामक संस्था, एकेकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिकडे अर्ज करण्यात वेळ घालवू नका. मी कालच अपील टाकलंय.