मदत हवी आहे: समोरच्या काळ्या पडलेल्या दातावर झिरकोनियाची कॅप की ईमॅक्सची (दोन्ही बिनधातूच्या सिरॅमिक कॅप)?

बहिणीचा वरचा समोरचा दात रूट कॅनलनंतर काळपट पडलाय, आतून ब्लीचिंग करून बघितलं, थोडा उजळला आणि परत तसाच. दात बराच पोखरलाय म्हणून व्हिनिअर (पुढून चिकटवायचा पातळ पापुद्रा) नको, कॅपच बसवा म्हणतात. मेटल सिरॅमिक (आत धातू, वर सिरॅमिक) आम्हालाच नकोय, हिरडी जरा सरकली की कडेला काळी रेघ दिसते, आईच्या दाताला रोज बघतोय. सांगलीत विश्रामबागचे डॉक्टर झिरकोनिया सांगतात, मिरजेतले ईमॅक्स, त्यातून उजेड जातो म्हणून दात खरा वाटतो म्हणे, पण मग आतला काळपटपणाही दिसणार ना? त्यात ती झोपेत दात खाते. बजेट १५ हजारापर्यंत, पुण्याला सारखं जाणं जमणार नाही. असा काळा दात कुणी झाकलाय का, कशाने, आणि शेजारच्या दाताशी शेड जुळली का?