मदत हवी आहे: २०११ चा ५.१ रिसीव्हर आणि नवा फोर-के टीव्ही यांची जोडणी

नमस्कार.

मोठ्या भावाने बेंगळुरूला बिऱ्हाड हलवताना त्याचा ५.१ होम थिएटरचा संपूर्ण संच, म्हणजे रिसीव्हर (सर्व उपकरणे जोडून आवाज स्पीकरना देणारे मुख्य यंत्र), पाच स्पीकर आणि सबवूफर (खर्जाचा स्पीकर), मला दिला आहे. रिसीव्हर २०११ मध्ये भारतातच घेतलेला असून त्याला चार एचडीएमआय इनपुट आणि एक आउटपुट आहे. आउटपुटच्या शेजारी एआरसी असे छापलेले आहे. टीव्ही मात्र गेल्या दिवाळीत घेतलेला ५५ इंची फोर-के आहे आणि त्याच्या दुसऱ्या एचडीएमआय सॉकेटवर ईएआरसी असे लिहिले आहे. यांना केबलचा एचडी सेट-टॉप बॉक्स, एक फोर-के स्ट्रीमिंग स्टिक आणि साधा, म्हणजे फोर-के नसलेला, ब्लू-रे प्लेअर अशी तीन उपकरणे जोडायची आहेत.

रिसीव्हरच्या पुस्तिकेतील आकृतीनुसार तिन्ही उपकरणे रिसीव्हरला जोडली आणि रिसीव्हरपासून एक केबल टीव्हीच्या दुसऱ्या सॉकेटला नेली. सेट-टॉप बॉक्स व ब्लू-रे प्लेअर व्यवस्थित चालतात. स्ट्रीमिंग स्टिकचा मेन्यू दिसतो, पण चित्रपट सुरू केला की पडदा काळा होतो आणि आशय संरक्षित असल्याची सूचना येते. तीच स्टिक थेट टीव्हीला लावली असता चित्र निर्दोष दिसते. मात्र तेव्हा आवाज केवळ पुढच्या दोन स्पीकरमधून येतो आणि रिसीव्हरच्या दर्शनी पट्टीवर पीसीएम ही अक्षरे उमटतात. सेंटर आणि मागचे दोन्ही स्पीकर पूर्ण मुके राहतात.

दुसरी अडचण सबवूफरची आहे. आवाज शून्यावर असला तरी त्यातून अखंड घूं असा खर्जातला आवाज येत राहतो. सेट-टॉप बॉक्सची पिन बोर्डावरून काढली तरी तो थांबत नाही.

तिसरी अडचण माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. बाबांना अलीकडे कमी ऐकू येते. बातम्या आणि जुने मराठी चित्रपट हा त्यांचा संध्याकाळचा विरंगुळा आहे आणि हा संच लावण्यामागे त्यांना संवाद स्पष्ट ऐकू यावेत हाच माझा मुख्य हेतू आहे. सध्या पार्श्वसंगीत घरभर घुमते आणि बोलणे मात्र त्याखाली दबून जाते, त्यामुळे ते टीव्हीचे स्वतःचे स्पीकर चालू करा असे सांगतात.

हॉल साधारण ११ बाय १६ फुटांचा आहे, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला आहे आणि सेंटर स्पीकर टीव्हीखालच्या युनिटच्या कप्प्यात आत सरकवून ठेवला आहे. दुकानदाराचे म्हणणे असे की रिसीव्हर कालबाह्य झाला असून नवीन घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. हा खर्च खरोखर आवश्यक आहे का, आणि नसल्यास कोणते उपकरण कोठे जोडावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

आपण लक्षणे इतकी नेमकी लिहिली आहेत की कारणे शोधणे सोपे झाले आहे. रिसीव्हर बदलण्याची गरज मला दिसत नाही. चित्राच्या बाबतीत तो जुना झाला आहे हे खरे. आवाजाच्या बाबतीत तो आपल्या गरजेला पुरून उरेल.

काळ्या पडद्याचे कारण एचडीसीपी, म्हणजे नक्कल रोखणारी संरक्षण-पद्धत, हे आहे. फोर-के आशयाची नक्कल होऊ नये म्हणून स्टिक, टीव्ही आणि त्यांच्या मधले प्रत्येक उपकरण यांनी एकमेकांना एचडीसीपी २.२ ची ओळख पटवून द्यावी लागते. ही आवृत्ती २०१३ मध्ये आली. आपला रिसीव्हर त्याआधीचा, एचडीएमआय १.४ च्या काळातला आहे. त्यामुळे मेन्यूसारखे असंरक्षित चित्र त्यातून पार होते आणि चित्रपट अडतो. केबल कितीही महागडी आणली तरी यात फरक पडणार नाही आणि रिसीव्हरच्या कोणत्याही सेटिंगने हे सुटणार नाही.

म्हणून फोर-के देणारी स्टिक थेट टीव्हीलाच जोडावी आणि तिचा आवाज एआरसीच्या, म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलमधूनच उलट नेणाऱ्या सोयीच्या, वाटेने रिसीव्हरकडे परत आणावा. त्यासाठी वेगळी केबल लागत नाही. रिसीव्हरच्या आउटपुटपासून टीव्हीच्या दुसऱ्या सॉकेटपर्यंत गेलेली जी केबल आहे तीच ब्लू-रेचे चित्र टीव्हीकडे नेते आणि टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे आणते. एआरसी ही सोय एचडीएमआय १.४ सोबत २००९ मध्ये आली, त्यामुळे आपल्या रिसीव्हरमध्ये ती आहे. ईएआरसी ही तिची सुधारित आवृत्ती एचडीएमआय २.१ सोबत २०१७ मध्ये आली. नवा टीव्ही समोर जुना रिसीव्हर पाहून साध्या एआरसीवर उतरतो. टीव्हीच्या मेन्यूत ईएआरसी ऑटोवर ठेवावे, आणि आवाज मधूनच तुटू लागला तर ते सरळ बंद करावे. दोन्ही उपकरणांत सीईसी, म्हणजे केबलमधून एकमेकांना आज्ञा देण्याची सोय (एचडीएमआय कंट्रोल), चालू असणे मात्र आवश्यक आहे. प्रत्येक कंपनीने त्याला आपापले नाव दिलेले असल्यामुळे मेन्यूत ते थोडे शोधावे लागते.

आता पीसीएमविषयी, म्हणजे संक्षिप्त न केलेल्या डिजिटल आवाजाविषयी. एआरसीच्या वाटेने पीसीएम पाठवले तर त्यात दोनच चॅनेल मावतात, ५.१ आवाज पाठवायचा असेल तर तो डॉल्बी डिजिटलसारख्या संक्षिप्त रूपातच जावा लागतो. आपला टीव्ही बहुधा मूळ ५.१ आवाज उलगडून, त्याचे दोन चॅनेल करून पाठवत आहे. टीव्हीच्या ध्वनीविषयक मेन्यूत डिजिटल आउटपुटचे सेटिंग असते, तेथे पीसीएमऐवजी डॉल्बी डिजिटल निवडावे. ऑटो किंवा पास-थ्रू हे पर्यायही दिसतील, पण स्ट्रीमिंग सेवांचा आवाज बहुतांशी डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये असतो आणि या काळातले कित्येक रिसीव्हर एआरसीवरून तो स्वीकारत नाहीत. डॉल्बी डिजिटल ठरवून दिल्यास टीव्ही स्वतः रूपांतर करतो. स्टिकच्या मेन्यूतही सराउंड आवाज बंद केलेला नाही याची खात्री करून घ्यावी, कारण तेथेच दोन चॅनेल होत असतील तर टीव्हीचे सेटिंग बदलून उपयोग होणार नाही.

ब्लू-रे प्लेअर आहे तेथेच, रिसीव्हरलाच जोडलेला राहू द्यावा. यावर माझा विशेष भर आहे. डिस्कवरील डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे स्वरूप साध्या एआरसीतून येऊ शकत नाही, परंतु प्लेअर थेट जोडलेला असला तर रिसीव्हर ते पूर्ण दर्जाने वाजवतो. चित्र १०८०पीचे असल्यामुळे त्याला कोठेही अडथळा नाही. सेट-टॉप बॉक्सही रिसीव्हरवर ठेवण्यास हरकत नाही, पण बातम्या पाहण्यासाठी दर वेळी दोन उपकरणे सुरू करावी लागू नयेत असे वाटत असेल तर तोही टीव्हीला जोडावा.

बाबांच्या अडचणीकडे येतो. संवाद मुख्यतः सेंटर स्पीकरमधून येतात आणि आपला सेंटर स्पीकर कप्प्यात आत ढकललेला आहे. तेथे त्याचा आवाज आधी कप्प्याच्या फळ्यांवर आदळतो आणि मग बाहेर येताना घुसमटतो. शिवाय तो बसलेल्या माणसाच्या गुडघ्यांच्या दिशेने जातो. स्पीकर कप्प्याच्या अगदी कडेपर्यंत पुढे ओढावा आणि समोरच्या कडेखाली रबराचे तुकडे ठेवून त्याचे तोंड सोफ्यावरील कानांच्या दिशेने वर करावे. एवढ्यानेच संवादांत जाणवण्यासारखा फरक पडतो आणि त्याला पैसे लागत नाहीत.

त्यानंतर रिसीव्हरसोबत आलेला मापनाचा मायक्रोफोन सापडला तर कॅलिब्रेशन, म्हणजे खोलीनुसार स्पीकरची आपोआप जुळणी, करावे. मायक्रोफोन बसल्यावर कान जेथे येतो त्या उंचीवर, शक्यतो कॅमेऱ्याच्या तिपाईवर ठेवावा. पंखा आणि एसी बंद करावेत, खिडक्या लावून घ्याव्यात. मापन झाल्यावर स्पीकरचे आकार तपासावेत. रिसीव्हर पुष्कळदा पुढच्या स्पीकरना ‘लार्ज’ ठरवतो; ते सर्व ‘स्मॉल’ करून क्रॉसओव्हर (सबवूफर व इतर स्पीकर यांच्यात आवाज विभागणारी सीमा) ८० हर्ट्झवर ठेवावा, म्हणजे त्याखालचा खर्ज सबवूफरकडे जाईल आणि छोट्या स्पीकरवर ताण येणार नाही. सबवूफरच्या पाठीवरचे क्रॉसओव्हरचे बटण मात्र शेवटपर्यंत वर फिरवून ठेवावे, नाहीतर एकाच आवाजाला दोनदा कात्री लागते. मापनात सबवूफरचे अंतर प्रत्यक्षापेक्षा काही फूट जास्त दाखवले जाईल. ती चूक नाही. सबवूफरच्या आतील विद्युतमंडलामुळे होणारा विलंब रिसीव्हर अंतराच्या रूपात मोजतो, म्हणून तो आकडा बदलू नये.

शेवटी सेंटर स्पीकरची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवावी आणि डायनॅमिक रेंज नियंत्रण, ज्याला काही रिसीव्हरवर नाइट मोड म्हणतात, चालू करून पाहावे. त्याने मोठे आवाज दबतात आणि हळू बोलणे वर येते. जुन्या मराठी चित्रपटांचा आणि बहुतेक बातम्यांचा आवाज दोनच चॅनेलचा असतो, तेव्हा रिसीव्हरवर डॉल्बी प्रो लॉजिक टू मधील ‘मूव्ही’ हा पर्याय निवडावा. दोन्ही बाजूंना समान असलेला आवाज, म्हणजेच बोलणे, तो ओळखून सेंटरकडे पाठवतो. सर्व स्पीकरमधून एकच आवाज काढणारा ‘मल्टी चॅनेल स्टिरिओ’ हा पर्याय या कामासाठी टाळावा. खोली आवाजाने भरते हे खरे, पण संवाद चहूकडून आल्याने ते अधिकच अस्पष्ट होतात, आणि आपण वर्णन केलेला त्रास बराचसा तसाच आहे.

प्रतिसाद

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. सबवूफरच्या घूं आवाजाबद्दल थोडे लिहितो, कारण तो विषय सुरक्षिततेशी निगडित आहे.

घूं चालू असताना सेट-टॉप बॉक्सच्या मागची, केबलवाल्याकडून येणारी गोल वायर स्क्रू सोडवून बाजूला करा. घूं त्याच क्षणी थांबला तर हा अर्थ लूप आहे. त्या वायरच्या बाहेरच्या जाळीला इमारतीत दुसरीकडे, बहुतेक गच्चीवरच्या अँप्लिफायरपाशी, अर्थिंग मिळालेले असते आणि तीन पिनांच्या सबवूफरला आपल्या घरातील बोर्डावरून वेगळे अर्थिंग मिळते. दोहोंत थोडासा जरी विद्युतदाबाचा फरक असला तरी एचडीएमआयच्या आणि सबवूफरच्या वायरीच्या जाळीतून प्रवाह वाहतो, आणि आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे तो नेमका सबवूफरच्या पट्ट्यात ऐकू येतो. बॉक्सची पिन काढूनही आवाज का थांबला नाही याचे उत्तर यातच आहे: वायरींची साखळी तेव्हाही अखंडच होती.

यावर केबलच्या गोल वायरीत बसवण्याचा ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो, तो बॉक्सच्या आधी लावावा. डिश असलेल्यांनी मात्र हे करू नये, कारण छत्रीवरील एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या भागाला) लागणारी १३ किंवा १८ व्होल्टची वीज त्याच वायरीतून वर जाते आणि असा आयसोलेटर ती अडवतो. सबवूफरच्या प्लगची मोठी पिन कापणे किंवा त्याला दोन पिनांचा जोड लावणे हा उपाय कोणी सुचवला तर कृपया ऐकू नका. आवाज थांबेल, पण बिघाडाच्या वेळी विजेच्या धक्क्यापासून वाचवणारी तारच आपण तोडलेली असेल.

मागच्या स्पीकरच्या वायरी बदलणार असाल तर तांब्याची बहुतारी १.५ चौरस मिलिमीटरची वायर पुरेशी आहे. दहा मीटरच्या लांबीवर जाऊन-येऊन तिचा रोध पाव ओहमच्या आसपास भरतो आणि आठ ओहमच्या स्पीकरला तो नगण्य आहे. स्कर्टिंगवरून केसिंग-कॅपिंगची पट्टी मारताना विजेच्या वायरी त्याच पट्टीत घालू नयेत. लाल टोक लालला आणि काळे काळ्याला जाते आहे हे दोन्ही टोकांना पाहावे. एका स्पीकरची टोके उलटी झाली तरी खर्ज पोकळ वाटू लागतो. सोफा भिंतीला टेकलेला असल्यामुळे मागचे स्पीकर बाजूच्या भिंतींवर, बसलेल्याच्या कानापेक्षा सुमारे दोन फूट उंच आणि किंचित मागे लावावेत. टीव्हीची दिशा शून्य अंश धरली तर ते दोन्ही बाजूंना ११० अंशांच्या आसपास यावेत.

ज्यांचे नातेवाईक अमेरिकेतून रिसीव्हर आणतात त्यांनी पाठीवरचा व्होल्टेजचा आकडा आधी वाचावा. तेथील यंत्रावर १२० व्होल्ट लिहिलेले असते आणि स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय ते आपल्या २३० व्होल्टला लावल्यास जळते. धागाकर्त्यांचा रिसीव्हर भारतातील असल्यामुळे त्यांना ही काळजी नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. टीव्हीचे डिजिटल आउटपुट डॉल्बी डिजिटल केल्याबरोबर रिसीव्हरच्या पट्टीवर अक्षरे बदलली आणि पाचही स्पीकर बोलू लागले. केबलची गोल वायर सोडवताच घूं थांबला, त्यामुळे आयसोलेटर मागवला आहे. सेंटर स्पीकर पुढे ओढून तिरका केला, पातळी तीन डेसिबलने वाढवली आणि प्रो लॉजिक लावले. काल बाबांनी संपूर्ण बातमीपत्र एकदाही आवाज वाढवायला न सांगता ऐकले.

एकच शंका उरली आहे. स्ट्रीमिंगवर ओठांची हालचाल आणि आवाज यांत किंचित अंतर जाणवते. आवाज आधी येतो आणि ओठ नंतर हलतात. ब्लू-रेवर असे होत नाही. यासाठी काय करावे?

प्रतिसाद

हे वाचून फार बरे वाटले. आवाज आधी येत असेल तर टीव्ही चित्रावर प्रक्रिया करण्यात वेळ घेत आहे. रिसीव्हरच्या मेन्यूत ऑडिओ डिले असतो, तो शून्यापासून दहा-दहा मिलिसेकंदांनी वाढवत न्यावा आणि निवेदकाचा चेहरा जवळून दिसत असताना जुळवावा. कित्येक रिसीव्हरवर हे सेटिंग प्रत्येक इनपुटसाठी वेगळे साठवले जाते, म्हणून ते टीव्ही या इनपुटवर असतानाच बदलावे, म्हणजे ब्लू-रेचे जुळलेले गणित बिघडणार नाही. टीव्हीमधील हालचाल गुळगुळीत करणारी प्रक्रिया बंद केली तर हा विलंब मुळातच कमी होतो, तेव्हा आधी ती बंद करून पाहा आणि मगच डिलेला हात लावा.