वजनकाट्यावरचा जुना कॉम्प्युटर उडाला, बॅकअप इमेज नव्या मशीनवर बसूनच नाई रायली

काटेवाला_राळेगाव

राम राम मंडळी. परतीच्या पावसात आमच्या कापसाच्या जिनिंगच्या बाजूले ईज पडली अन् काट्यावरचा कॉम्प्युटर गेला. मदरबोर्ड, एसएमपीएस (पॉवर सप्लाय) दोन्ही खलास, हार्डडिस्क मात्र वाचली. विंडोज ७ होतं, ३२ बिट, ५०० जीबीची साधी साटा (केबलनं लागणारी) डिस्क. काट्याचं सॉफ्टवेअर त्याच्यातच, भरली गाडी, रिकामी गाडी, शेतकऱ्याचं नाव, गाव, पावती सगळं. ज्यानं ते बनवून देलं होतं त्यानं धंदाच बंद केला, सेटअपची सीडी कोनापाशी नाई. म्हणूनच मी मागचा सीझन संपल्यावर विंडोजच्याच बॅकअपमधून पूर्ण सिस्टम इमेज (विंडोज, सॉफ्टवेअर, डेटा सगळ्याची एकत्र कॉपी) काढून बाहेरच्या डिस्कवर ठेवली होती, म्हटलं काई झालं तर दुसऱ्या मशीनवर ओतून देऊ.

आता मालकानं नवीन मशीन आणलं, बाराव्या पिढीच्या आय३ प्रोसेसरचं, २५६ जीबी एनव्हीएमई (बोर्डावरच बसणारी नव्या पद्धतीची डिस्क), विंडोज ११. त्याच्यावर विंडोज ७ चा रिपेअर पेनड्राइव्ह बूटच होत नाई. जुनी डिस्क सरळ साटा केबलनं लावली तर बूटच्या यादीत दिसत नाई. मंग एका दोस्ताच्या चौथ्या पिढीच्या मशीनले लावून पाह्यली, तिथं लोगो येते अन् लगेच निळी स्क्रीन, स्टॉप ७बी. आता काय करावं? दसरा झाला का गाड्या सुरू होतात, मालक म्हणते हातानं पावत्या फाडा, पण मंग रात्री त्या सगळ्या रजिस्टरमधी चढवाच्या कोनं?

बर्डीवरचा_मेकॅनिक

भाऊ, तुमच्याकडं दोन वेगवेगळी दुखणी आहेत, एक औषध दोघांले चालणार नाई.

नवीन मशीनवरचं असं का ३२ बिटचं विंडोज ७ यूईएफआयमधून (मशीन सुरू करायच्या नव्या पद्धतीतून) बूटच होत नाई, त्याले जुनी लेगसी पद्धत लागते, अन् आताच्या बऱ्याच बोर्डांवर ती पद्धत एक तर काढूनच टाकली आहे नाही तर वेगळं ग्राफिक्स कार्ड लावल्याशिवाय चालू होत नाई. झालीच समजा, तरी विंडोज ७ मध्ये एनव्हीएमईचा ड्रायव्हर नाई, यूएसबी ३ चा नाई, म्हणजे डेस्कटॉप आला तरी कीबोर्ड-माउस मेलेले. त्या रस्त्यानं जाऊच नका.

दोस्ताच्या मशीनवरचं ७बी म्हणजे विंडोजले स्वतःची डिस्कच सापडून नाई रायली. जुन्या बोर्डावर साटा आयडीई मोडवर (डिस्कशी बोलायच्या जुन्या पद्धतीवर) असेल, याच्यावर एएचसीआय (नवी पद्धत) आहे, अन् जो ड्रायव्हर कधी लागलाच नाई तो विंडोज ७ नं बंद करून ठेवलेला असते. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन साटा मोड आयडीई करून पाहा, बहुतेक तेवढ्यानंच उठेल. तो पर्याय नसेल तर रिपेअर पेनड्राइव्हनं बूट करून कमांड प्रॉम्प्टमधून रेजेडिट (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही, म्हणजे रजिस्ट्री, बदलायचं टूल), त्यात जुन्या डिस्कचं सिस्टम हाइव्ह (त्या नोंदवहीची फाइल) लोड करायचं, कंट्रोलसेट००१ च्या सर्व्हिसेसखाली एमएसएएचसीआय शोधून स्टार्टची व्हॅल्यू ३ ची ० करायची अन् हाइव्ह अनलोड करायचं. डिस्क तीच, ड्रायव्हर त्याच्यातच पडलेला, फक्त जागा करायचा आहे.

पण हे सगळं करायच्या आधी एक ऐका. तुमची इमेज मागच्या सीझनची, डिस्क आजची. म्हणजे डिस्कच जास्त मोलाची. तिच्यावर प्रयोग नका करू, आधी क्लोनझिला या डिस्क कॉपी करायच्या टूलनं तिची कॉपी काढा (समोरची डिस्क तेवढीच किंवा मोठी पाह्यजे) अन् जे खेळायचं ते कॉपीवर खेळा.

कोथरूडकर

इतकी खटपट कशाला? २०२० च्या जानेवारीतच विंडोज ७ चा सपोर्ट संपला. नवीन मशीनवर नवीन वजनकाट्याचं सॉफ्टवेअर घ्या, जुना डेटाबेस बहुतेक ॲक्सेसचा असेल, तो एक्सपोर्ट करून टाका, विषय संपला.

काटेवाला_राळेगाव

दादा तुमचं खरं आहे, घेऊच, पण सीझन झाल्यावर. आता कोनी नवीन आणून देलं तर त्याचं ट्रेनिंग, पावतीचा नमुना, व्यापाऱ्याचे हिशोब, हे सगळं गाड्या दारात उभ्या असताना कोन करून देते? काट्यावरचा पोरगा जुन्याच स्क्रीनले सरावला आहे, डोळे झाकून एंट्री मारते.

बोरीअरबचा_ऑपरेटर

मी पण काट्यावरच बसतो, म्हणून सांगतो. आमचं जुनं मशीन डचमळायला लागलं तवा आम्ही ते व्हर्च्युअल मशीनमधी (कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरनं चालणाऱ्या दुसऱ्या कॉम्प्युटरमधी) टाकलं, अजून तसंच चालून रायलं. नवीन कॉम्प्युटरवर विंडोज ११ राहू द्या, त्याच्यात व्हर्च्युअलबॉक्स नावाचं सॉफ्टवेअर टाका, अन् जुनं विंडोज ७ त्याच्या आत चालवा. आत त्याले जुनाच आयडीई कंट्रोलर देता येते, त्यामुळं तो ७बीचा कारभारच होत नाई.

कसं करायचं तर जुनी डिस्क यूएसबी-साटा केबलनं नव्या मशीनले लावा, मायक्रोसॉफ्टचं डिस्कटूव्हीएचडी नावाचं फुकटचं टूल आहे, त्यात जुन्या डिस्कचे दोन्ही पार्टिशन टिक करा, सी ड्राइव्ह तर कराच पण ते शंभर एमबीचं सिस्टम रिझर्व्हड पार्टिशनबी, नाही तर बूट होणार नाई. व्हीएचडीएक्सची टिक काढा, साधी व्हीएचडीच (पूर्ण डिस्क जिच्यात मावते ती फाइल) बनवा. डिस्क ५०० ची असली तरी फाइल फक्त भरलेल्या जागेएवढी होते, म्हणून २५६ मध्ये मावून जाईल. अन् फाइल तयार झाली का तिच्यावर डबल क्लिक करून आत डोकावू नका जोवर जुनी डिस्क लागलेली आहे, दोघांची डिस्क सिग्नेचर (विंडोज डिस्क ओळखते तो नंबर) सारखी असते, विंडोज एकाची बदलून टाकते अन् मंग तीच फाइल बूट होत नाई.

व्हर्च्युअलबॉक्समधी विंडोज ७ ३२ बिट निवडा, रॅम २ जीबी बस झाली, ईएफआय बंद, अन् व्हीएचडी साटाले न लावता आयडीईले लावा. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू पाह्यजे. हायपर-व्ही (विंडोजचंच व्हर्च्युअल मशीनचं साधन) वापरू नका बरं, त्याच्यात कॉम्प्युटरचा खराखुरा कॉम पोर्ट (काट्याची केबल लागते तो सिरीयल पोर्ट) आतल्या मशीनले देता येत नाई, अन् आपलं तर सगळं त्या कॉम पोर्टवरच आहे.

बर्डीवरचा_मेकॅनिक

हे माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं, हेच करा. एवढंच जोडतो का जुनं लायसन्स मशीनसोबत आलेलं ओईएम असेल तर ते त्या बोर्डाशी बांधलेलं असते, आत ॲक्टिव्हेशन मागेल, त्याची तयारी ठेवा. अन् आतल्या विंडोज ७ ले इंटरनेट देऊ नका, काट्याले नेटचं काय काम.

काटेवाला_राळेगाव

राजेहो, उठलं! डेस्कटॉप जसाच्या तसा, पोरानं वॉलपेपरले लावलेला बैलजोडीचा फोटोबी आहे. पण वजन येऊन नाई रायलं, इंडिकेटरवर (वजन दाखवणाऱ्या डब्यावर) आकडा दिसते अन् सॉफ्टवेअरमधी शून्य. नव्या मशीनले सिरीयल पोर्टच नाई, यूएसबीचं कन्व्हर्टर लावलं आहे. अन् प्रिंटर जुना डॉट मॅट्रिक्स आहे, जाड पॅरलल केबलवाला, त्याचं कसं?

बोरीअरबचा_ऑपरेटर

घाबरू नका, वजन इंडिकेटरच काढते, कॉम्प्युटर फक्त वाचते. आधी बाहेरच्या विंडोज ११ मध्ये डिव्हाइस मॅनेजरमधी पाहा कन्व्हर्टरले कोणता नंबर भेटला, समजा कॉम५. मंग व्हर्च्युअलबॉक्सच्या सिरीयल पोर्टमधी पहिला पोर्ट चालू करा, कॉम१, होस्ट डिव्हाइस, अन् खाली कॉम५ लिहा. आतल्या सॉफ्टवेअरले वाटते का जुनाच कॉम१ आहे. नंबर मनानं बदलू नका, काट्याची जुनी सॉफ्टवेअरं कॉम४ च्या पुढचं बहुतेक पाहतच नाईत. तरी शून्य आलं तर बॉड रेट (केबलीतून आकडे पाठवायचा वेग) पाहा, इंडिकेटरच्या मेनूत २४०० असेल अन् सॉफ्टवेअरमधी ९६०० तर काईच येत नाई नाही तर कचरा अक्षरं येतात. कन्व्हर्टर एकाच यूएसबी होलात ठेवा, रंग मारून खूण करा, दुसऱ्यात लावला तर नंबर बदलू शकते.

प्रिंटरले यूएसबीचं कन्व्हर्टर लावून बाहेरच्या विंडोजमधी इन्स्टॉल करा अन् शेअर करा. आतमधी होस्ट-ओन्ली नेटवर्क द्या, त्यानं इंटरनेट जात नाई पण बाहेरचं मशीन दिसते. मंग आतल्या कमांड प्रॉम्प्टमधून नेट यूज ही कमांड देऊन एलपीटी१ (जुना पॅरलल प्रिंटरचा पोर्ट) त्या शेअर केलेल्या प्रिंटरले जोडून द्या, सॉफ्टवेअर एलपीटी१ वर छापते, कागद डॉट मॅट्रिक्सवर निघते.

काटेवाला_राळेगाव

बॉड रेटच होता, इंडिकेटर २४०० वर. मालकाचा रिकामा ट्रॅक्टर चढवून पाह्यला, इंडिकेटर अन् स्क्रीन दोन्हीवर एकच आकडा. प्रिंटरची केबल उद्या यवतमाळहून येते. आता रोजचा बॅकअप कसा घेऊ, पुन्हा इमेज काढू का?

बोरीअरबचा_ऑपरेटर

इमेजची गरज नाई. संध्याकाळी काटा बंद केला का आतलं विंडोज नीट शटडाऊन करा अन् ती व्हीएचडी फाइल बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, सेटिंगची छोटी फाइल असते तीबी सोबत घ्या. सेव्ह स्टेट करून (आतलं मशीन चालू हालतीत गोठवून) कॉपी मारू नका. एक कॉपी जिनिंगमधी, एक मालकाच्या घरी. कोणतंबी मशीन आणा, व्हर्च्युअलबॉक्स टाका, फाइल लावा, अर्ध्या दिवसात काटा चालू. अन् दिवाळीच्या आधी एकदा दोस्ताच्या त्या चौथ्या पिढीच्या मशीनवर कॉपी खरंच उठते का ते पाहून ठेवा.

अजून एक, ईज कुठून आली ते पाह्यलं का? आमच्याकडं लाइटातून नाई, लोडसेलच्या (प्लॅटफॉर्मखालच्या वजन मोजणाऱ्या सेन्सरच्या) केबलीतून आली होती. प्लॅटफॉर्मची अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासा, अन् इंडिकेटर अन् कॉम्प्युटरच्या मधात सिरीयलचा आयसोलेटर (दोघांमधला विजेचा थेट संबंध तोडणारा डबा) बसवा. आभाळ वाजायला लागलं का तेवढी एक केबल काढून ठेवायला पोराले सांगा.

काटेवाला_राळेगाव

आयसोलेटर नागपूरले बर्डीवर भेटते का ऑनलाइन मागवू?

बर्डीवरचा_मेकॅनिक

भेटते. येताना इंडिकेटरच्या मागच्या पिनचा फोटो काढून आणा, ९ पिन आहे का २५ ते पाहून देतो.