फुसका बार: हाताने भरलेली काडतुसं दगा देतात तेव्हा

मागच्या आठवड्यात रेंजवर नऊ एमएमच्या पन्नास काडतुसांपैकी चार उडालीच नाहीत. घोडा पडला, टक्क झालं, पुढे काही नाही. काडतुसं मीच भरलेली, तरी पहिला संशय घेतला तो पिस्तुलावर. नाचता येईना, अंगण वाकडं! फायरिंग पिन काढून पुसली, स्प्रिंग बदलली. मग कारखान्यात भरलेली एक पेटी त्याच पिस्तुलातून चालवली, एकही चुकलं नाही. हे आधी केलं असतं तर स्प्रिंगचे पैसे वाचले असते.

मग ती चारही पुन्हा लावून पाहिली. तीन दुसऱ्या टोल्याला व्यवस्थित उडाली. म्हणजे प्रायमर (काडतुसाच्या बुडातली, टोला बसला की पेटून दारू पेटवणारी टोपी) पुरता बसलेलाच नव्हता. पहिल्या टोल्याचा जोर त्याला आत ढकलण्यातच संपला. चौथं अजून टेबलावर आहे.

तुमच्याही फुसक्या बारांच्या कथा येऊ द्यात. कारण सापडलं नसेल तरी लिहा.

*

उंच राहिलेला प्रायमर डोळ्यांना दिसत नाही, बोटाला कळतो. मी प्रत्येक काडतुसाच्या बुडावरून अंगठा फिरवतो. प्रायमर बुडाच्या किंचित खाली हवा, साधारण 0.1 मिलिमीटर. अंगठ्याला उंचवटा लागला की ते बाजूला. माझा घोटाळा लष्करी केसेसनी (काडतुसांच्या पितळी पुंगळ्यांनी) केला होता. त्यांच्या प्रायमर पॉकेटच्या, म्हणजे प्रायमर बसतो त्या खळग्याच्या, तोंडाशी दाबलेली कडी असते. ती काढल्याशिवाय नवा प्रायमर नीट आत जात नाही, आणि आपण काडतुसं भरायच्या यंत्राच्या लिव्हरवर जोर लावत बसतो.

*

माझं नेमकं उलटं. दोष पिस्तुलाचाच, पण मीच केलेला. ट्रिगर हलका व्हावा म्हणून हॅमरची स्प्रिंग मऊ बसवली. मऊ कपाचे (धातूच्या वाटीचे) प्रायमर उडायचे, दुसऱ्या कंपनीचे कडक प्रायमर आणले आणि दहातलं एक फुसकं निघायला लागलं. प्रायमरवरचा खळगा बघा: उथळ असेल तर टोला कमी पडतोय, खोल आणि मधोमध असेल तर काडतूस उघडून बघायची वेळ आली.

*

न उडालेल्याबद्दल बोलताय, मी अर्धवट उडालेल्याबद्दल सांगतो, कारण ते जास्त वाईट.

पाण्याने धुतलेल्या केसेस घाईत भरल्या. वरून कोरड्या, आत ओल. रेंजवर तिसऱ्या बाराला आवाज आला तो "धाड" नव्हे, "फुस्स". हाताला धक्का नाही. स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) पुरती मागे आली नाही. स्पर्धेच्या नादात मी ती हाताने ओढली, नवं काडतूस आत गेलं, बोट ट्रिगरवर. शेजारचा मोठ्याने ओरडला, "थांब!"

पिस्तूल रिकामं करून नळी काढली. बुलेट मध्येच अडकलेली, मागे पिवळट, न जळलेल्या दारूच्या गुठळ्या. पुढचा बार झाडला असता तर नळी फुगली असती, किंवा हातात फुटली असती. पितळी सळईने ठोकून बुलेट बाहेर काढली तेव्हा हात थरथरत होते. तेव्हापासून आवाज वेगळा वाटला की हात थांबतो, स्पर्धा गेली तरी चालेल.

*

वरच्यात भर: नुसतं टक्क झालं तरी लगेच स्लाइड ओढू नका. नळी निशाण्याकडे धरून तीस सेकंद थांबा. उशिरा पेट घेणारं काडतूस क्वचित भेटतं, पण भेटलं तर ते चेंबरमध्येच (नळीच्या मागच्या, काडतूस बसतं त्या भागात) असलेलं बरं.

*

माझ्या प्रायमरमध्ये दोष नव्हता, दारूत नव्हता. क्रिंप (बुलेटभोवती केसचं तोंड आवळणं) कमी पडला होता. बुलेट बसवताना रुंदावलेलं केसचं तोंड तसंच राहिलं, काडतूस चेंबरमध्ये पुरतं जाईना, स्लाइड किंचित उघडी राही आणि घोड्याचा टोला अर्धाच पोचे. आता नळी काढून त्यात काडतूस सोडतो. "टण्" करून बसलं, बोटाने गोल फिरलं आणि नळी उलटी केल्यावर आपोआप पडलं, तर पास. क्रिंप जास्तही नको हं. नऊ एमएमचं काडतूस चेंबरमध्ये केसच्या तोंडावर टेकतं, तोंड फार आवळलं की ते गरजेपेक्षा खोल जातं.

*

तेलकट बोटांनी प्रायमर मरतात असं सगळे सांगतात. मी मुद्दाम बरबटलेले काही उडवून पाहिले, सगळे उडाले. कारण सोपं सापडत नसलं की तेलावर बिल फाडायचं, झालं!

टम्बलरमधला (केसेस घोळवून साफ करायच्या यंत्रातला) मक्याचा भुसा मात्र खरा गुन्हेगार. जुना प्रायमर काढून मग केसेस टम्बल केल्या तर एखादा दाणा फ्लॅश होलमध्ये (प्रायमरची आग दारूपर्यंत जाते त्या भोकात) अडकतो.

*

धागा काढणारा पुन्हा. चौथ्या काडतुसावर दोन खोल खळगे, अगदी मधोमध. पुलरने बुलेट काढली, दारू कोरडी आणि पुरेशी. डोळ्यांवर चष्मा लावून, फार सावकाश, प्रायमर बाहेर ढकलला. आत ऐरण, म्हणजे मसाला ज्यावर चिरडतो तो तुकडा, नाहीच! टोला झेलायला समोर काही नसेल तर मसाला चिरडणार कशावर?

प्रायमरचा ट्रे उलटा करून झटकला. कोपऱ्यातून तीन पायांचा पितळेचा एक चिमुकला तुकडा टेबलावर पडला.