अनुभव धागा : इन्शुलिनच्या सुईच्या जागी येणाऱ्या दुखऱ्या गाठी

जुळे सोलापूरची लेक

वडील 68 वर्षांचे, 11 वर्षं इन्शुलिनवर. सकाळ-संध्याकाळ, बाटलीतलं, सिरिंजनं. बेंबीच्या दोन्ही अंगांना लिंबाएवढे दोन उंचवटे आले होते. घरात त्याला आम्ही 'सुटलेलं पोट' म्हणायचो. डावीकडच्यावर पँटचा पट्टा घासून ठणकायला लागलं तेव्हा वाटलं, हर्निया असेल.

दोन वर्षांत सकाळचा डोस 18 वरून 34 युनिटवर गेला होता. शुगर तरी कधी 90, कधी 280. दर वेळी रिपोर्ट बघितले गेले, पोट कुणी बघितलं नाही. आम्हीही दाखवलं नाही, हे कबूल. शेवटी एका नव्या डॉक्टरांनी त्यांना आडवं झोपवून पोटावर बोटं फिरवली आणि बॉलपेननं दोन गोल काढले. "आजपासून या गोलांच्या आत सुई नाही." नाव सांगितलं लायपोहायपरट्रॉफी. रोज त्याच जागी इन्शुलिन पडत राहिलं की तिथली चरबी फुगते. मग त्या गाठीत सोडलेलं इन्शुलिन पडून राहतं आणि त्याच्या मर्जीनं रक्तात उतरतं.

जागा बदलायला सांगितली आणि त्याच कागदावर डोस 34 चा 28 केला. हे वडिलांना पटलं नाही. "शुगर अडीचशे आणि डोस कमी?" आम्हाला न सांगता मांडीत 34च घेत राहिले. तिसऱ्या दिवशी कंबर तलावाला फेरी मारताना शर्ट घामानं भिजला, पाय लटपटले. चहाच्या गाड्यावरच्या माणसानं मूठभर साखर खायला घातली. घरी आणून मोजली तरी 61. चांगल्या जागेतून सगळंच्या सगळं इन्शुलिन पोचलं होतं.

तुमच्याकडे काय झालं, काय केलंत, लिहा. उपाय नको, अनुभव लिहा.

विडीवालीची मुलगी

आमची आई पूर्व भागात विड्या वळते. दिवसभर मांडी घालून बसायचं, मांडीवर सूप. सुई कायम उजव्या मांडीत, कारण हात तिथं सहज जातो. वर्षभरात तिथं गाठ झाली, आणि सुपाची कड नेमकी तिच्यावर टेकायची. "दुखायलंय गं" म्हणायची आणि सूप जरा सरकवायची, बस. हजार विड्या भरल्याशिवाय उठायची नाही.

सिरिंज एक घेतली की पंधरा दिवस. टोचताना करकर आवाज आल्यासारखं वाटलं की मग नवी. चूक आहे हे आता कळतंय, तेव्हा पैशाकडं बघत होतो.

सिव्हिलमधल्या एका सिस्टरनी तिला बसवून शिकवलं : एक आठवडा डावी मांडी, एक आठवडा उजवी, आणि त्या मांडीतसुद्धा रोज बोटभर सरकायचं. गाठ असलेला भाग सोडून. आईला लिहिता-वाचता येत नाही, कॅलेंडरचा उपयोग नाही. तिनं स्वतःच युक्ती काढली. विडी बांधायचा दोरा डाव्या मनगटाला असला की तो आठवडा डावीकडचा. सोमवारी दोरा मनगट बदलतो. अजून एकदाही चुकली नाही.

रोजचा हुतात्मा एक्सप्रेसवाला

मी एकच सुई आठ-आठ दिवस वापरतो. दहा वर्षं झाली, काही झालं नाही. रोज नवी सुई कुणाच्या बापाला परवडते?

नवी पेठेतला मेडिकलवाला

परवडत नाही हे रोज काउंटरवर ऐकतो, त्यामुळे तुम्हाला खोटं पाडत नाही. पण सुई इतकी बारीक असते की टोक वाकलेलं नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. बोथट सुई आणि एकच जागा, दोन्ही एकत्र आलं की गाठ लवकर येते. जागा बदलायला तर पैसा लागत नाही. एकदा आरशासमोर उभं राहून पोट चाचपून बघा, बघितल्यावर दिसतंच असं नाही, बोटांना लागतं.

विषय निघालाय तर आणखी एक. बाटली 40 ची (म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट) असेल तर सिरिंज लाल टोपणाचीच. केशरी टोपणाची 100 च्या इन्शुलिनसाठी असते. 40 च्या बाटलीतून केशरी सिरिंजनं 20 च्या रेघेपर्यंत भरलं, तर अंगात फक्त 8 युनिट जातात. अशी शुगर वाढलेली माणसंही गाठीला दोष देताना पाहिली आहेत.

टाइप वन, वय 21

एक गोष्ट कुणी लिहिली नाही. गाठीत सुई टोचलेली कळतच नाही. म्हणून तर आपण तिथंच जातो! मी नवव्या वर्षापासून टोचून घेतेय, दिवसाला चार वेळा. पोटाची उजवी बाजू मऊ गादीसारखी झाली होती आणि मला ती आवडायची. आई "आज तरी दुसरीकडं घे" म्हणायची तेव्हा मी भांडायचे.

एकाच डोसवर, एकाच मापाची ज्वारीची भाकरी खाऊन एक दिवस 110 आणि दुसऱ्या दिवशी 260. सगळे म्हणायचे लपून काहीतरी खातेय. आजीनं तर शेंगाचटणीचा डबा वर ठेवला. (शेंगाचटणीनं कुठं शुगर वाढते?) गाठ सोडल्यावर पहिले दोन आठवडे टोचताना डोळ्यांत पाणी यायचं. रात्री दोनला उठून शुगर तपासायची, डोस फोनवर विचारून कमी करत आणायचा. आता इन्शुलिन पेनची 4 मिलिमीटरची सुई आहे, सरळ उभी टोचते, कातडी चिमटीत धरावी लागत नाही. पोटाचे चार भाग केलेत, आठवड्याला एक, घड्याळाच्या काट्यासारखं फिरायचं. बेंबीच्या जवळ जायचं नाही. पेनचं बटण दाबून दहा आकडे मोजायचे, मगच सुई बाहेर.

अक्कलकोट रोडची सूनबाई

आमच्या सासूबाई मायेच्या. मामंजींची गाठ दुखते म्हटल्यावर त्यांनी इन्शुलिन दिल्या-दिल्या विटकरीचा शेक दिला. जेवण वाढेपर्यंत मामंजी थरथर कापायला लागले, बोलणं अडखळलं. गूळपाणी दिलं, सावरले. उष्णतेनं तिथलं इन्शुलिन झपाट्यानं रक्तात जातं, चोळल्यानंही. सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत, मलाच त्यांची समजूत घालावी लागली.

पुढं एकदा मांडीवर लाल, गरम, चमकणारी सूज आली, ताप आला. तो पू होता, दवाखान्यात जाऊन काढावा लागला. ते प्रकरण वेगळं, त्यात घरी थांबू नये.

निवृत्त मास्तर, बाळीवेस

इतिहास सांगायची खोड जात नाही. 11 जानेवारी 1922 रोजी टोरांटोत चौदा वर्षांच्या मुलाला हे औषध पहिल्यांदा टोचलं. अर्क पुरेसा शुद्ध नव्हता. शुगर थोडीच उतरली आणि टोचल्या जागी गळू झालं. बारा दिवसांनी शुद्ध केलेला अर्क दिला, तेव्हा गुण आला. म्हणजे जागेचं दुखणं पहिल्या दिवसापासूनचं.

टाइप वन, वय 21

मास्तर, परीक्षेला येणार का हे?

निवृत्त मास्तर, बाळीवेस

तुला पैकीच्या पैकी.

मुद्द्याचं : मला गाठ नाही, पण जळजळ व्हायची. फ्रिजमधून काढून तसंच थंडगार टोचायचो, आणि स्पिरिट वाळायच्या आत. आता अर्धा तास आधी बाहेर काढतो. पण आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात चालू बाटली दिवसभर फळीवर ठेवू नका, 42-43 अंशांत ते इन्शुलिन कामाचं राहत नाही. फ्रिज नसेल तर पाणी भरलेल्या मोठ्या माठात लहान मडकं, त्यात पिशवीत बांधून बाटली. आमच्या वाड्यात एक आजी अशी ठेवायच्या. फ्रिजरमध्ये मात्र चुकूनही नको.

रोजचा हुतात्मा एक्सप्रेसवाला

चाचपलं. डाव्या मांडीत आहे एक. सुपारीएवढी. दुखत नाही, म्हणून कधी हात गेला नाही. शनिवारी डॉक्टरांना दाखवतो. तोवर डोस तसाच ठेवून दुसरीकडं टोचू का?

जुळे सोलापूरची लेक

नको! तेवढ्यासाठीच तर धागा काढला. आज फोन करून विचारा, किती कमी करायचा ते. आणि खिशात साखर ठेवा, गाडीत चहा येईलच असं नाही.

आमच्याकडे पाच महिने झाले. डावी गाठ बसली, उजवी हाताला शेंगदाण्याएवढी लागते. डोस 26 वर आहे. जागेवरून भांडणं रोजची, "काल मांडी झाली की गं" म्हणतात आणि काल पोट झालेलं असतं. काल रात्री त्यांना हा धागा वाचून दाखवला. चष्मा काढून म्हणाले, "त्या बाई दोरा कुठं मिळतो म्हणाल्या?"