साखर करामुळे ग्राहकाची निवड बदलली, की बाटलीतले पेयच बदलले?

सोनचाफा (लेस्टर) :

नमस्कार. ब्रिटनमध्ये साखरयुक्त शीतपेयांवर एप्रिल 2018 पासून वेगळा कर आहे आणि त्यामुळे लोकांच्या पोटात जाणारी साखर बरीच कमी झाली, असे वारंवार वाचनात येते. आठवड्याची खरेदी करताना मला जे दिसते, त्याच्याशी मात्र हे विधान जुळत नाही. मोठ्या दुकानात साखरेचा कोला आणि त्याच कंपनीचा शून्य साखरेचा कोला शेजारी-शेजारी मांडलेले असतात. दोघांच्या किमतीत थोड्याशा पेन्सचा फरक असतो, सवलतीच्या आठवड्यात कधी तोही उरत नाही, आणि ज्यांना साखरेचाच कोला हवा असतो ते किमतीच्या पट्टीकडे न पाहता बाटली ट्रॉलीत ठेवतात. माझा सोळा वर्षांचा मुलगाही त्यांच्यापैकीच आहे.

मग साखर कमी झाली ती नेमकी कोणाची आणि कशी? किंमत वाढल्यामुळे लोकांनी खरोखर दुसरे पेय निवडायला सुरुवात केली का? शिवाय, पुण्यात बहिणीकडे गेले असताना साखरेच्या आणि बिनसाखरेच्या पेयांवरचा कर सारखाच असल्याचे ऐकले. तेथे अशा कराचा विचार झालेला नाही का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

जमाखर्च :

आपले निरीक्षण बरोबर आहे आणि साखर घटली हेही खरे आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, ते कराची रचना पाहिल्यावर कळते.

हा कर गल्ल्यावर पैसे देणाऱ्या ग्राहकाकडून वसूल होत नाही, तो पेय बनवणाऱ्या किंवा आयात करणाऱ्या कंपनीकडून घेतला जातो. त्याचे दोन टप्पे आहेत. 100 मिलिलिटरमध्ये 5 ग्रॅम ते 8 ग्रॅमपर्यंत साखर असेल तर लिटरमागे 18 पेन्स आणि 8 ग्रॅम किंवा अधिक असेल तर 24 पेन्स, असे सुरुवातीचे दर होते (एप्रिल 2025 पासून ते अनुक्रमे 19.4 आणि 25.9 पेन्स झाले). 5 ग्रॅमच्या खाली काहीच कर नाही. अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी मार्च 2016 च्या अर्थसंकल्पात कराची घोषणा केली आणि प्रत्यक्ष वसुली 6 एप्रिल 2018 रोजी सुरू झाली. मधली दोन वर्षे कंपन्यांना जाणूनबुजून दिलेली होती आणि माझ्या मते साऱ्या योजनेचा प्राण त्या दोन वर्षांतच आहे.

त्या काळात बहुतेक कंपन्यांनी कर भरण्यापेक्षा पाककृती बदलणे पसंत केले. स्कॉटलंडमधील लोकप्रिय आयर्न-ब्रू या पेयातील साखर 100 मिलिलिटरमागे 10.3 ग्रॅमवरून 4.7 ग्रॅमवर आली. सरकारलाही याचा अंदाज येत गेला, म्हणून पहिल्या वर्षाच्या महसुलाचा अंदाज 52 कोटी पौंडांवरून 24 कोटींवर आणावा लागला. एरवी महसूल घटला की कर फसला असे म्हणतात, येथे महसुलाचे घटणे हेच यशाचे माप होते. करपात्र होऊ शकणाऱ्या पेयांपैकी 5 ग्रॅमपेक्षा अधिक साखर असलेल्यांचे प्रमाण, कर नसता तर फेब्रुवारी 2019 मध्ये 49 टक्क्यांच्या आसपास राहिले असते. प्रत्यक्षात ते 15 टक्क्यांवर आले होते.

म्हणजे फळीवरून बाटली उचलणाऱ्या असंख्य लोकांनी आपली निवड बदललीच नाही. त्यांनी नेहमीचेच नाव, नेहमीचाच रंग आणि नेहमीचीच बाटली घेतली, फक्त तिच्यातली साखर निम्म्यावर आलेली होती. केंब्रिजच्या संशोधकांनी घरगुती खरेदीच्या नोंदी तपासल्या, तेव्हा कराच्या पहिल्या वर्षाअखेरीस शीतपेयांची एकूण खरेदी जवळपास तेवढीच राहिली, पण त्या पेयांमधून घरात येणारी साखर दर घरामागे आठवड्याला सुमारे 30 ग्रॅमने, म्हणजे अंदाजे एक-दशांशाने, कमी झाल्याचे त्यांना आढळले.

आता आपल्याला दिसणाऱ्या किमतीविषयी. मूळ कोका-कोलाने पाककृती बदलली नाही. त्याच्या 330 मिलिलिटरच्या कॅनमध्ये आजही 35 ग्रॅम साखर आहे आणि तो वरच्या टप्प्यात येतो. 24 पेन्सच्या दराने एका कॅनवर सुमारे 8 पेन्स कर बसत होता. मात्र वरच्या टप्प्यातील पेयांच्या किमती सरासरीने कराच्या एक-तृतीयांशाइतक्याच वाढल्या, उरलेला भार कंपन्यांनी आणि दुकानदारांनी सोसला किंवा इतर पेयांवर पसरवला. दोन बाटल्यांमधला फरक आपल्याला किरकोळ वाटतो, तो यामुळे.

कोपऱ्यावरचे दुकान :

आमचे याच शहरात कोपऱ्यावर छोटे दुकान आहे, म्हणून मागणीच्या बाजूने थोडे लिहितो. वर जे म्हटले आहे ते योग्यच आहे, तरी किमतीमुळे निवड अजिबात बदलली नाही असा समज होऊ नये.

मोठ्या दुकानात घरासाठी दोन लिटरची बाटली घेणारा ग्राहक आणि शाळा सुटल्यावर खिशातली नाणी मोजत आमच्याकडे येणारे मूल, या दोघांच्या दृष्टीने पाच-दहा पेन्सची किंमत सारखी नसते. आमच्याकडचे बरेचसे कॅन किंमत छापूनच येतात. साखरेच्या कॅनवर आणि बिनसाखरेच्या कॅनवर वेगवेगळे आकडे छापलेले असले, म्हणजे मुले फ्रिजचे दार उघडे धरून दोन्ही कॅन हातात घेतात आणि पुष्कळदा स्वस्त असलेला घेऊन जातात. छापील फरक नसेल तर हा विचारच होत नाही. मोठ्यांमध्ये मात्र चवीचा आग्रह प्रबळ असतो. आयर्न-ब्रूची पाककृती बदलणार हे कळल्यावर स्कॉटलंडमध्ये लोकांनी जुन्या चवीच्या बाटल्यांचा साठा करून ठेवला होता, आणि पुढे 2019 च्या अखेरीस कंपनीने जुन्या पद्धतीचे, साखर अधिक असलेले पेय वेगळ्या नावाने बाजारात आणले. असे ग्राहक आमच्याकडेही आहेत. ते कर भरतात, कुरकुरत नाहीत आणि पेय बदलत नाहीत.

एका गोष्टीकडे पुरेसे लक्ष गेले नाही, असे मला वाटते. मधुमेहाचे काही रुग्ण रक्तातील साखर एकाएकी खाली गेली तर घ्यायला म्हणून लुकोझेड हे ग्लुकोजचे पेय जवळ बाळगत असत. पाककृती बदलल्यावर त्यातील कर्बोदके निम्म्याच्या आसपास आली. बाटली तीच, पण आता साखर वर आणायला आधीपेक्षा जास्त प्यावे लागणार होते. रुग्णांच्या संघटनांनी तशा सूचना काढल्या होत्या, तरी अनेक वयस्क ग्राहकांना ते ठाऊक नव्हते. आमच्या एका नेहमीच्या आजोबांना मी बाटली उलटी करून मागचा तक्ता वाचून दाखवला, तेव्हा ते खरोखर घाबरले. ग्राहकाच्या नकळत पेय बदलते तेव्हा बहुतेकांचे भले होत असले, तरी ज्याचा हिशेब त्या साखरेवर अवलंबून आहे त्याला कोणी तरी सांगायला हवे.

सोनचाफा (लेस्टर) :

दोघांचेही मनापासून आभार. किमतीचा मुद्दा आता नीट समजला. एक शंका उरते. साखरेच्या जागी कृत्रिम गोडवा आला, तर त्याला सुधारणा म्हणावे का? आणि फळांच्या रसाचे काय?

आहारवही :

आहारशास्त्र शिकवते, त्या अनुभवावरून लिहिते. साखरेच्या जागी प्रामुख्याने सुक्रालोज, ॲसेसल्फेम-के आणि ॲस्पार्टेम आले. ठरवून दिलेल्या मर्यादेत ते वापरण्यास परवानगी आहे. मात्र मे 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोडव्यांचा आधार घेऊ नये, अशी शिफारस केली. मला ती पटते, कारण जिभेची अतिगोडाची सवय तशीच राहते. आपल्या मुलाने साखरेचा कोला सोडून शून्य साखरेचा घेतला तर तो कॅनमागे पस्तीस ग्रॅम साखर वाचवेल आणि ते चांगलेच आहे. त्याने पाणी घेतले तर अधिक चांगले, पण हा कर कोणाला पाण्याकडे नेण्यासाठी आखलेलाच नव्हता.

फळांचा निव्वळ रस आणि दुधाचे प्रमाण जास्त असलेली पेये करातून वगळलेली आहेत. संत्र्याच्या निव्वळ रसातही 100 मिलिलिटरमागे 8 ते 10 ग्रॅम साखर सहज असते, त्यामुळे कर नाही याचा अर्थ साखर नाही, असा घेऊ नये. दुधाच्या पेयांची सूट जानेवारी 2028 पासून काढून घेतली जाणार आहे. त्याच वेळी खालची मर्यादा 5 ग्रॅमवरून 4.5 ग्रॅमवर येणार आहे, आणि हा बदल मला विशेष महत्त्वाचा वाटतो. कंपन्यांनी साखर कमी केली ती कर चुकेल इतकीच. आयर्न-ब्रू 4.7 ग्रॅमवर थांबले. पेप्सीने 2023 मध्ये आपल्या साखरेच्या पेयात मोठी कपात केली, तीही 4.55 ग्रॅमपर्यंत. रेषा जेथे आखली जाते, त्याच्या जेमतेम अलीकडे पेये येऊन उभी राहतात, म्हणून ती वेळोवेळी खाली सरकवावी लागते.

आरोग्याच्या बाजूने मुलांच्या दातांचे निष्कर्ष मला सर्वांत आश्वासक वाटतात. इंग्लंडमध्ये किडलेले दात काढण्यासाठी रुग्णालयात दाखल होणाऱ्या मुलांचे प्रमाण, कर नसता तर जितके अपेक्षित होते त्यापेक्षा 12 टक्क्यांनी कमी राहिले. लठ्ठपणाबाबत चित्र संमिश्र आहे. दहा-अकरा वर्षांच्या मुलींमध्ये अपेक्षेपेक्षा 8 टक्के घट आढळली, त्याच वयाच्या मुलग्यांमध्ये मात्र तशी घट दिसली नाही.

मुळा-मुठा :

भारताविषयीच्या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आला, तेव्हा कार्बनयुक्त शीतपेयांवर 28 टक्के कर आणि 12 टक्के भरपाई उपकर लावण्यात आला. 22 सप्टेंबर 2025 पासून दोन्ही मिळून सरळ 40 टक्के झाले. दर म्हणून पाहिले तर हा ब्रिटनपेक्षा फार मोठा बोजा आहे. तरीही त्यातून ग्राहकाला किंवा कंपनीला साखरेविषयी कोणताही संदेश मिळत नाही, कारण साखर घातलेल्या पेयावर 40 टक्के आणि गोडवा आणणारा दुसरा पदार्थ घातलेल्या पेयावरही 40 टक्केच कर आहे. कंपनीने साखर निम्मी केली तरी तिचा एक रुपया कर वाचत नाही. याउलट फळांच्या गराची, कार्बन नसलेली पेये 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आली. त्यात वरून किती साखर घातली आहे, याचा विचार तेथेही नाही. उन्हाळ्यात मुलांच्या हाती सर्रास दिसणारी आंब्याची पेये याच गटात मोडतात.

आपल्याकडे निवड ठरते ती पुष्कळ अंशी दहा रुपयांच्या नाण्यावर. 2023 मध्ये कॅम्पा पुन्हा बाजारात आले ते 200 मिलिलिटरची बाटली दहा रुपयांना देऊनच, आणि मोठ्या कंपन्यांना त्या किमतीची दखल घ्यावी लागली. किंमत ठरलेली आणि मापही ठरलेले असेल, तर टक्केवारीतला कर ग्राहकाला जाणवतच नाही. तो कंपनीच्या नफ्यातून जातो किंवा मापात मुरतो.

केवळ किमतीच्या जोरावर निवड बदलते का, हे पाहायचे असेल तर मेक्सिको हे अधिक बोलके उदाहरण आहे. तेथे जानेवारी 2014 पासून साखरेच्या पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लागला. साखर किती यावर तो अवलंबून नव्हता, त्यामुळे ती थोडी कमी करून कंपनीचा काही फायदा होणार नव्हता, आणि कराचा बहुतेक भार किमतीत दिसला. करपात्र पेयांची खरेदी पहिल्या वर्षी अपेक्षेपेक्षा 5.5 टक्क्यांनी आणि दुसऱ्या वर्षी 9.7 टक्क्यांनी घटली. गरीब घरांमध्ये घट अधिक होती. बिनकराच्या पेयांची, विशेषतः बाटलीबंद पाण्याची, खरेदी वाढली. म्हणजे किमतीने निवड बदलते, पण हळूहळू आणि ज्यांच्या खिशाला झळ बसते त्यांचीच आधी.

आपल्याकडे ब्रिटनसारखी टप्प्यांची पद्धत आणणे मला शक्य वाटते, कारण 100 मिलिलिटरमागे किती साखर आहे हे वेष्टनावर छापलेलेच असते. मात्र तसे करताना ब्रिटनच्या कायद्यातली आणखी एक तरतूद उचलावी लागेल. वर्षाला दहा लाख लिटरपेक्षा कमी पेय बनवणाऱ्यांना तेथे हा कर लागू नाही. गावोगावी गोटी सोडा आणि लेमन भरून विकणाऱ्या लहान कारखान्यांकडे प्रयोगशाळा नाही, पाककृती बदलायला तज्ज्ञ नाहीत, आणि त्यांचा सारा व्यवसाय एका तालुक्यापुरता असतो. त्यांना वगळल्याने साखरेच्या एकूण हिशेबात नगण्य फरक पडेल, कारण खप मोजक्या मोठ्या कंपन्यांच्या हाती आहे आणि पाककृती बदलायची आहे ती त्यांनी.