आमसुलाचा बचतगट कशात रजिस्टर करू? सेक्शन ८ की प्रोड्युसर कंपनी?

कुडाळची_पोरगी:
वाडीतल्या बायका रतांब्यापासून (कोकमाच्या फळापासून) आमसुलं, आगळ (खारवलेला रस), मुठेल (बियांचं तूप) करतात. सालांना रसाची पुटं देऊन परत परत वाळवायचं म्हणजे कडक ऊन पायजे आणि मे संपताना पाऊस आला की सगळं बोंबललं, म्हणून सोलर ड्रायर घेऊन बघायचाय, जमेल की नाही देव जाणे. कोण म्हणतं सेक्शन ८ म्हणजे ना-नफा कंपनी करा, सीएसआर (मोठ्या कंपन्यांचा समाजकार्याचा पैसा) मिळेल, कोण म्हणतं प्रोड्युसर कंपनी, म्हणजे उत्पादकांच्याच मालकीची. बहुतेकींच्या नावावर सातबारा नाही. काय करू?

चिपळूणचा_सीए:
ड्रायर फसला तर पैसे कोणाचे बुडणार आणि चालला तर फायदा कोणाचा, हे आधी ठरवा, सगळी मेख तिथेच आहे. सेक्शन ८ मधे अनुदानावर प्रयोग होतो, घरचे पैसे जात नाहीत, पण नफा वाटता येत नाही, मजुरी आणि मालाचा भाव तेवढा देता येतो. आणि सीएसआर लगेच नाही हां, आयकराच्या १२ए, ८०जी नोंदण्या, सीएसआर-१ हा नोंदणीचा फॉर्म, वर ३ वर्षांच्या कामाचा रेकॉर्ड. प्रोड्युसर कंपनीला १० उत्पादक पुरतात, शेअर कितीही असोत मत एकच. सातबारा स्कीमवाले मागतात, कायद्यात उत्पादक म्हणजे जमीनमालकच असं नाहीये.

वेंगुर्ल्याचा:
प्रोड्युसरच करा. आमच्याकडे एका संस्थेने अनुदानातून मशीन आणलं, कोणाचंच नव्हतं ना, बिघडल्यावर बघायला पण कोण गेलं नाही, ताडपत्रीखाली पडलंय.

चाकरमानी_दादर:
इंग्लंडात २००५ पासून कम्युनिटी इंटरेस्ट कंपनी आहे, त्यात बाहेरचा माणूस पैसे घालू शकतो, डिव्हिडंड पण मिळतो पण वाटण्याजोग्या नफ्याच्या ३५ टक्क्यांपर्यंतच, आणि मालमत्ता समाजाच्या कामातच राहते, कोणी विकून खाऊ शकत नाही. आपल्याकडे असला मधला प्रकारच नाही, म्हणून लोक दोन संस्था काढतात, एक अनुदान घ्यायला एक धंद्याला, मग दोन ऑडिट, दोन खाती. बचतगटाला कुठून झेपणार?

कुडाळची_पोरगी:
सीए दादा, काही बायका फक्त वाळवतात, रतांबे विकतचे. त्या चालतील?

चिपळूणचा_सीए:
चालायला हव्यात, कामाचा मालाशी संबंध पायजे. मेमोरँडममधे, म्हणजे कंपनीच्या उद्देशपत्रात, प्रक्रिया लिहून घ्या. आणि उरलेल्या नफ्यातला बोनस कशावर वाटायचा ते आर्टिकल्समधे (कंपनीच्या नियमावलीत) आत्ताच घाला, नुसत्या किलोवर ठेवलात तर रतांबे घालणारी घेऊन जाईल आणि वाळवणारी बसेल बघत.